दीड तासावरचं गाव

हैदराबादहून गोंदियाला विमान जातं, हे मला आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या मुलानं सांगितलं. मी त्याच्या वडिलांचं सलाईन बदलत होते. बोलणं मराठी, त्यातही आपल्याकडचं वाटलं म्हणून गाव विचारलं, तर गोंदियाजवळच्या आमगावचा निघाला. "येण्याजाण्यात फार हाल होत असतील ना रे?" असं म्हटल्यावर तो हसला. "हाल कायचे, सिस्टर? विमान आहे ना. दीड तास."

माझा विश्वास बसेना. संध्याकाळी घरी आल्यावर मोबाइलवर नकाशा उघडला आणि दोन विमानतळांमध्ये बोटानं रेघ ओढून पाहिली. पाचशे किलोमीटरच्या थोडी पुढं गेली. गोदावरी ओलांडून ती गोंडपिपरीजवळून वर चढत होती, मूल मागं टाकत होती आणि नागभीड-वडशाच्या मधून निघत होती. मी बघतच राहिले. ही तर आमच्याच पॅसेंजर गाडीची वाट.

नर्सिंग करून हैदराबादला नोकरीला लागले तेव्हा कुरखेड्याहून एसटीनं वडसा, वडशाहून गाडीनं बल्लारशा, तिथं फलाटावर पथारी टाकून बसायचं आणि मग दक्षिणेकडं जाणारी जी गाडी मिळेल तिच्यात शिरायचं. घरून बांधून आणलेला भात पोचेपर्यंत आंबून जायचा. माय नागभीडपर्यंत सोबत यायची. तिचा मामेभाऊ तिथं राहायचा, त्याच्याकडं मुक्काम करून ती दुसऱ्या दिवशी परत फिरायची. "नागभीडच्या पुढचं मले काई समजत नाई. तुले समजते, तू जाय," असं म्हणत खाली उतरायची आणि खिडकीचा गज धरून उभी राहायची. गाडी हलली की गज सोडायची, पण लगेच नाही. चार पावलं गाडीबरोबर चालून मग सोडायची.

त्याच मायला बाबा गेल्यावर आम्ही हैदराबादला घेऊन आलो. त्याला सहा वर्षं झाली. आमचं घर चौथ्या मजल्यावर. माझी ड्युटी, नवऱ्याचं ऑफिस, मुलीचं कॉलेज. माय दिवसभर गॅलरीत बसायची. खालून भाजीवाली "गोंगुराऽ" ओरडत जायची तेव्हा तेवढी ती उठून उभी राहायची, कारण गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, एवढं तिला तेलुगू कळलं होतं. बाकी शेजारणी आल्या की ती हसून मान हलवायची आणि त्या गेल्या की विचारायची, "काय म्हणून राह्यली होती थे?"

गावाचं नाव ती काढत नसे. फक्त दिवाळी झाली की एकदा म्हणायची, "आता मंडई भरली असन." आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. जत्राच म्हणा, पण पाहुण्यांची जत्रा. सासरी गेलेल्या पोरी येतात, जावई येतात, सगळा गोतावळा एका दिवशी गावात उतरतो. सहा वर्षं मी तिला "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत होते, कारण जायचं म्हणजे तो प्रवास, आणि तिचे गुडघे.

या वेळी मी येण्याजाण्याची दोघींची तिकिटं काढली आणि तिला म्हटलं, "माय, गाव आता दीड तासावर आहे."

"कोणाचं गाव?"

"आपलं."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ड्युटी करून करून पोरीचं डोकं फिरलंय.

आकाशातून

विमानतळावर पहिला घोटाळा तपासणीत झाला. मायची हातातली पिशवी मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. तपासणीच्या बाईनं पिशवी उघडली, त्यात लुगड्यात गुंडाळलेला विळा निघाला. धान कापायचा, दातेरी, लाकडी मुठीचा विळा. मागची रांग मान वर करून बघू लागली. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

"माय, हा कशाला आणलास? आणि आणलास तर मोठ्या बॅगेत का नाही टाकलास?"

"मोठी बॅग तुम्ही त्यायच्या हाती देऊन टाकता. हरपली तं?"

ती बाई तेलुगूत सांगत होती की हे आत नेता येणार नाही. मी मायला समजावलं. माय म्हणाली, "इले सांग, विमानात कोण धान कापते?" मी ते जसंच्या तसं तेलुगूत सांगितलं. बाई खळखळून हसली, पण विळा तिनं ठेवूनच घेतला. माय पुढं चालताना तीनदा वळून बघत होती. मी म्हटलं, "जाऊ दे, दुसरा घेऊ." तर म्हणाली, "माहा असता तं सोडला असता. थो रायमतीचा होता."

विमान लहान होतं, पंख्यांचं. मायला मी उजव्या हाताच्या खिडकीत बसवलं. पंखे फिरू लागले तशी तिनं माझं मनगट पकडलं आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही गोंदियापर्यंत अशीच बसणार. पण विमान सरळ झाल्यावर तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि नंतर काचेला नाक लावलं ते काढलंच नाही.

गोदावरी मीच दाखवली. वाळूचे मोठमोठे पट्टे आणि त्यातून निळं पाणी. मग शेतं विरळ होत गेली आणि जंगल सुरू झालं. वरून बघितलेलं आमचं जंगल मी पहिल्यांदाच पाहत होते. हिरवं, तपकिरी, मध्येच पिकलेल्या धानाचे पिवळे तुकडे, आणि तळी. किती तळी! लहानपणी मला वाटायचं आमच्या मुलखात मधोमध फक्त रस्ता आहे आणि बाजूला अंधार. वरून मात्र सगळीकडं पाणी चमकत होतं.

"थे पाह्य," माय एकदम म्हणाली. "वैनगंगा."

"कशावरून?"

"मले माहेरची नदी समजत नाई का?" तिचं माहेर आरमोरीच्या बाजूचं, नदीकाठचं. वैनगंगा वळणं घेत आमच्याबरोबर चालली होती. नदीच्या पलीकडं गडचिरोलीचं जंगल दाट होत क्षितिजापर्यंत गेलं होतं. माय बोटानं काचेवर नदी गिरवत होती. बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "नागभीड आलं का?"

"दुसऱ्या बाजूला राहिलं, माय. मागं गेलं."

"गेलंबी?"

ती मागं टेकून बसली. हवाईसुंदरीनं पाण्याची बाटली दिली, ती तिनं न उघडता पिशवीत टाकली. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी तुले नागभीडले सोडून घरी जात जाय ना, तं तू कितीक दूर चालली असं वाटे. रडत जाय मी एसटीत. एवढंसंच होतं का थे?"

ती रडायची हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

बिरसी ते कुरखेडा

गोंदियाचा विमानतळ म्हणजे बिरसी. बाहेर माझा चुलतभाऊ मोरेश्वर गाडी घेऊन उभा होता. आमची शेती तोच करतो. त्यानं मायच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "काय वो काकू, उडून आली म्हणे!" माय म्हणाली, "चहा नाई देत बापा फुकट. पाणी देते." विमानाबद्दल तिचं हे पहिलं मत.

गंमत अशी की हैदराबादहून इथं यायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ बिरसीहून आमच्या गावी जायला लागला. पण मला तो हवाच होता. नवेगावबांधच्या आसपास रस्त्याच्या कडेला बायका उकडलेले शिंगाडे घेऊन बसल्या होत्या. गाडी थांबवली. काळे, ओले, गरम शिंगाडे पळसाच्या पानावर. माय दातानं टरफल फोडू लागली. हैदराबादेत तिला सफरचंद मी चिरून, साल काढून देत होते, दात दुखतात म्हणून. इथं तिनं पानावरचे सगळे शिंगाडे संपवले आणि मोरेश्वरला म्हणाली, "आणखी घे. रायमतीसाठी घे."

रायमतीबाई म्हणजे आमची शेजारीण. गोंडाच्या घरची. माय आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. सुरुवातीला हिला गोंडी येईना, तिला मराठी येईना, तरी दोघी मिळून मोहफुलं वेचायला जात, तेंदूपानं तोडायला जात. मी लहान असताना एका पावसाळ्यात मला फणफणून ताप आला होता. बाबा शाळेच्या कामानं परगावी. नदीला पाणी चढलेलं. रायमतीमावशीनं मला पाठीशी बांधलं आणि छातीभर पाण्यातून कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं. मागून माय दोर धरून. मला त्यातलं काही आठवत नाही, पण तिच्या पाठीला येणारा मोहाच्या तेलाचा वास मात्र अजून आठवतो.

कुरखेडा मागं पडलं आणि जंगलात शिरल्यावर गाड्यांची रांग लागलेली दिसली. वनखात्याची माणसं हात करून थांबवत होती. मोरेश्वरनं इंजिन बंद केलं. "हत्ती हायेत," तो हळूच म्हणाला.

हत्ती? आमच्याकडं? माझ्या लहानपणी वाघाची भीती होती, अस्वलाची तर फारच. हत्ती आम्ही फक्त पुस्तकात पाहिलेले. मोरेश्वरनं सांगितलं, काही वर्षांपासून छत्तीसगडच्या बाजूनं कळप येतो. धान निसवून लोंब्या आल्या की येतो, बांध्या म्हणजे भातखाचरं तुडवतो, मोहाच्या वासानं घरांच्या भिंती पाडतो. आम्ही काचा वर करून बसलो. झाडीत फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. मग रस्त्यावर एक हत्तीण आली, तिच्यामागं दोन, मध्ये एक पिल्लू. कुणाकडं न बघता त्या रस्ता ओलांडून गेल्या. मी मोबाइल काढायचंही विसरले.

माय म्हणाली, "लेकरू मधात घेऊन चालतेत. पाह्यलंस?"

मी मात्र मनात तेव्हाच ठरवलं. मंडई झाली की ठरल्या दिवशी परत. एक दिवसही जास्त नाही.

घर

सहा वर्षं बंद असलेलं घर कसं असेल, याची मी मनाची तयारी केली होती. मोरेश्वर फोनवर "घर बरं आहे" एवढंच सांगायचा. मी कुलपाची किल्ली, झाडू, मेणबत्त्या असं सगळं आणलं होतं.

घराला कुलूप नव्हतं. अंगण शेणानं सारवलेलं. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. छपरावरचे कवेलू नीट फेरलेले. दारात चुलीचा धूर, आणि चुलीपुढं बसलेली रायमतीमावशी.

ती उठली. वाकली होती, केस पांढरे झाले होते, पण गळ्यातल्या मण्यांच्या माळा त्याच. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता गळ्यात पडतील. माय म्हणाली, "तुहा विळा विमानवाल्यायनं ठेवून घेतला व."

रायमतीमावशी क्षणभर गोंधळली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सहा वर्षं झाले मी थो विळा हुडकून राह्यली. तूच नेला होता का?"

मग दोघी इतक्या हसल्या की मायला ओसरीवर बसावं लागलं. हसता हसता कधीतरी ते रडणं झालं. मी आणि मोरेश्वर सामान उतरवत राहिलो.

आत गेल्यावर मला कळलं की रायमतीमावशी इथंच राहते. तिचं अंथरूण, तिची भांडी, कोपऱ्यात तिची धानाची ढोली. मी मोरेश्वरला बाजूला घेतलं. "हे काय? तू सांगितलं नाहीस?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. रायमतीमावशीनं ते ऐकलं असावं. ती सरळ मायसमोर येऊन उभी राहिली.

"मागच्या साली हत्तीनं माह्या घराची भिताड पाडली. मी एकटी. पोरगा कामाले चंद्रपूरले. मंग मी तुह्या घरी येऊन राह्यली. इचारलं नाई. कोणाले इचारू? तू तं तिकडं."

खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. आपल्या घरात कुणीतरी न विचारता वर्षभर राहतं, आणि आपल्याला कळतही नाही. काय बोलावं या विचारात मी असताना माय चुलीजवळ गेली, पातेल्यावरचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलंस. चूल बंद पडली का घर मरते. झिंगे टाकले का वांग्यात?"

"टाकले."

"मंग वाढ."

विषय तिथंच संपला. नव्या तांदळाचा भात, सुके झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी, जवसाची चटणी. माय मांडी घालून बसली. हैदराबादेत ती खुर्चीशिवाय जेवायला बसत नव्हती.

मंडईचा दिवस

मंडईच्या दिवशी सकाळपासून गाव माणसांनी भरलं. बांगड्यांची, भांड्यांची, जिलबीची दुकानं. दुपारी दंडार सुरू झाली. गावातलेच लोक तोंडाला रंग लावून नाचत-गात होते आणि प्रेक्षकांतली माणसं त्यांना नावानं हाका मारून चिडवत होती. वडशाच्या नाटक कंपनीचे रंगीत फलक सगळ्या भिंतींवर लागले होते.

आम्ही आधी विहारात गेलो. मायनं वंदना केली, मेणबत्ती लावली. पायऱ्यांवरच बायकांनी तिला घेरलं. "जयभीम काकू! विमानानं आली म्हणे?" मग माय सांगू लागली. दर वेळी थोडं वाढवून. "ढगाच्या वर गेलो. खाली वैनगंगा कशी, तं सुतासारखी. माणूस दिसत नाई, ढोर दिसत नाई. आपलं गाव शोधलं, भेटलं नाई."

एका म्हातारीनं विचारलं, "मंग हैदराबाद किती दूर हाय व?"

"दीड तास," माय म्हणाली, जसं काही तिनंच तो रस्ता बांधला होता. "वडशाहून नागभीडले जाईपर्यंत तिथी पोचते माणूस."

मी लांब उभी राहून तिच्याकडं बघत होते. जिच्याशी आमच्या सोसायटीत हसून मान हलवण्यापलीकडं कुणी बोलत नव्हतं, ती इथं कुणाची काकू होती, कुणाची वहिनी, कुणाची आजी. एका पोरीच्या जन्माच्या वेळी बाळंतपण तिनं केलं होतं, ती पोर आता स्वतः लेकुरवाळी होऊन पाया पडत होती. कुणीतरी तिला आपलं भांडण सोडवायला ओढून नेलं, दोन भावांच्या वाटणीचं. ती गेलीसुद्धा. परत आली तेव्हा घसा बसला होता आणि चेहरा लाल झाला होता. "दोघंही येडे हायेत," एवढंच म्हणाली, आणि माझ्या हातातली जिलबी घेऊन खाल्ली. साखरेच्या पथ्याची मी आठवण करून दिली नाही.

निघायची सकाळ

त्या दिवशी लवकर निघायचं होतं. गाडी दारात आली. मी माझी बॅग बाहेर आणली आणि मायची बघायला आत गेले. बॅग खाटेवर उघडी पडली होती, रिकामी. लुगडी दांडीवर वाळत होती. औषधांची पिशवी खुंटीला टांगलेली. माय घरात नव्हती.

ती बांधीत सापडली. रायमतीमावशीचा धानाचा तुकडा नदीकडं आहे. दव अजून उतरलं नव्हतं. दोघी वाकून कापत होत्या, मागं कापलेल्या धानाच्या कडपा ओळीनं पडल्या होत्या. मायनं पदर कमरेला खोचला होता.

"माय, गाडी आली."

"येऊ दे."

"चल ना. विमान चुकेल."

तिनं एक मूठ कापून खाली ठेवली, मग कंबर धरून सरळ झाली. "मी नाई येत, सुजा."

मला आधी नीट समजलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे इथीच राह्यते."

मग मी बोलत सुटले. गुडघे, ब्लडप्रेशर, थंडी, दवाखाना किती लांब, हत्ती. विशेषतः हत्ती. "तू पाहिलंस ना डोळ्यांनी? भिंती पाडतात ते! उद्या काही झालं तर मी काय करू तिकडून?" माझा आवाज चढला. बाजूच्या बांधीतली माणसं काम थांबवून बघायला लागली.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच सांगतलं ना, गाव दीड तासावर हाय?"

"हो, पण..."

"मंग? मले इथी यायले सहा वर्षं लागले. तुले दीड तास लागते. कोणं यावं, तूच सांग."

रायमतीमावशी खाली बघून धानाच्या काड्या गोळा करत होती. शेवटी माझ्या तोंडून ते निघालं, जे मला विचारायचं नव्हतं. "माय, आमचं काही चुकलं का? तिकडं तुला काय कमी होतं?"

माय धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली आणि तिनं मलाही हात धरून बसवलं. तिचा हात ओला होता, चिखलाचा.

"काईच कमी नोहतं. जावई चांगला हाय, नात चांगली हाय. तू तं माह्यासाठी लय केलंस. पण पोरी, तिथी मले एकच काम होतं. तुही वाट पाह्यणं. तू गेली का वाट पाहू, तू आली का जेवू, का पुन्हा वाट पाहू. गॅलरीतून खाली पाहू, तुही गाडी आली का. सहा वर्षं केलं थे काम. आता नाई होत माह्यानं."

रायमतीमावशी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मी हावो ना, बाई. एका घरात दोघी हावो. हत्ती आले का दोघी पळू."

"तुह्यानं पळणं होते का?" माय म्हणाली.

"तुह्याहून जास्त होते."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. माझ्यामागं बांधीपर्यंत आलेल्या मोरेश्वरकडं मी पाहिलं. तो म्हणाला, "मी हाव ना, ताई. रोज चक्कर मारतो." मी मायला ब्लडप्रेशरच्या गोळ्या पुन्हा समजावल्या, कुठली सकाळी, कुठली रात्री. तिनं मान हलवली. रायमतीमावशीला पण सांगितल्या. तिनं जास्त लक्ष देऊन ऐकलं.

माय मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. बांधीतूनच हात केला. "जाय, उशीर होईन. पोचली का फोन करजो," म्हणाली, आणि पुन्हा वाकली. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर मी मागं बघत होते. पिवळ्या धानात दोन पांढरी डोकी. नंतर कुठली कुणाची ते ओळखू येईना.

बिरसीला जाताना मी शिंगाड्यांसाठीही गाडी थांबवू दिली नाही. रागावले होते, की हरले होते, की सुटले होते, अजूनही नक्की सांगता येत नाही. विमानात चढल्यावर खाली धुकं होतं, काही दिसलं नाही. हैदराबाद फार लवकर आलं. घरात शिरताना मी सवयीनं वर गॅलरीकडं पाहिलं. तिथं कपडे वाळत होते.

सुरुवातीचे काही दिवस मी तिला सारखी फोन करायची. ड्युटीवर जाताना, येताना, जेवताना. नवरा म्हणाला, "तिला जरा श्वास घेऊ दे." मुलीनं आजीची खोली तशीच ठेवायची, असं मला बजावलं, आणि आठवड्याभरात स्वतःच तिथं अभ्यासाला जाऊन बसली.

त्यानंतर मी एकदा जाऊन आले. दोन दिवसांच्या सुट्टीत. मायच्या गुडघ्यांचं दुखणं काही गेलेलं नाही. एकदा हत्तींची हाकाटी झाली तेव्हा गावातले सगळे शाळेत जाऊन झोपले होते, हे तिनं मला सांगितलं नव्हतं, मोरेश्वरकडून कळलं. वॉर्डात एखाद्या म्हातारीचं ब्लडप्रेशर मोजताना हात मध्येच थांबतो.

परवा संध्याकाळी मी फोन केला. गोळी घेतली का, थंडी कशी आहे, हत्ती कुठं आहेत, मी एकेक विचारत होते. ती "हो", "नाई", "तिकडं कोरचीकडं गेले म्हणते" अशी उत्तरं देत होती. मागं भांड्यांचा आवाज, रायमतीमावशीचं काहीतरी गोंडीत बोलणं, आणि आणखी दोन-तीन बायकांचं हसणं येत होतं. मी विचारलं, "कोण आलंय गं?"

"बाया आल्यात. वड्या घालून राह्यलो. ठेवते मी आता, हात भरले हायेत," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सहा वर्षांत एकदाही तिनं माझ्या आधी फोन ठेवला नव्हता. मी वॉर्डातून "ठेवते, माय" म्हणेपर्यंत ती पलीकडं नुसती धरून बसायची. मी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.